समोरच्या फ्लॅटचा नकाशा

घरांच्या जाहिरातींची एक स्वतंत्र भाषा असते आणि ती शिकण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. 'शांत परिसर' म्हणजे तिथवर यायला ऑटोवाला तयार होत नाही. 'मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटे' हे अंतर दुचाकीचे असते, तेही रस्ता रिकामा असताना. 'विकसनशील भाग' म्हणजे रस्ता अजून व्हायचा आहे. 'हवेशीर' हा शब्द नेमका तिथे वापरलेला असतो, जिथे खिडकीचे छायाचित्र दिलेले नसते; आणि छायाचित्रात पडदा ओढलेला असेल, तर त्यामागे शेजाऱ्याची भिंत आहे असे खुशाल समजावे. हॉल खरोखर प्रशस्त आहे की तो तसा भासवला आहे, हे ठरवायला मी जमिनीवरच्या फरशा मोजू लागले. फरशी साधारण दोन फुटांची असते. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत किती बसल्या ते पाहिले की जाहिरातीतले विशेषण गळून पडते. छताच्या पंख्याचे एक पाते दुसऱ्यापेक्षा लांब दिसले, तर त्या खोलीची बरीचशी रुंदी कॅमेऱ्याने दिलेली आहे.

मी औषधांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. बाटलीवर जे लिहिले आहे तेच बाटलीत आहे का, हे पाहणे हा माझा दिवसभराचा उद्योग. त्यामुळे जाहिराती वाचणे मला जड गेले नाही. तिशीच्या आत स्वतःच्या नावावर घर घ्यायचे, हे मी कॉलेजात असतानाच ठरवले होते. मात्र प्रत्यक्ष शोध सुरू झाला, तेव्हा माझ्या नावाचा मुद्दा फार मागे पडला होता.

त्या वेळी आम्ही तिघे, आई, बाबा आणि मी, नागपूरच्या इतवारीतल्या एका गल्लीत भाड्याने राहत होतो. माझा जन्म त्याच घरातला. घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरले आणि त्यांना जागा हवी झाली. हे सांगायला ते स्वतः आले. लाडवांचा डबा पुढे करून बराच वेळ हवापाण्याविषयी बोलत बसले आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, घाई नाही, पण उन्हाळ्यापर्यंत पाहा. त्याच सुमारास बाबांच्या डोळ्यांची तपासणी झाली. काचबिंदू. नजर कडांकडून आत आत आक्रसत जाते, गेलेली परत येत नाही, थेंब घालून उरलेली जपायची. बाबा म्हणाले, कांडीच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसते. कांडी म्हणजे विणकराची सूत गुंडाळण्याची पोकळ नळी. आमचे घराणे उमरेडच्या विणकरांचे. बाबांनी मात्र माग लहानपणीच सोडला आणि पुढचे सारे आयुष्य इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडण्यात घालवले.

ही नजर किती दिवस टिकेल, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी आकडा दिला नाही. मग मी घर बदलण्याविषयी विचारले, तेव्हा ते लगेच म्हणाले, "बदलायचंच असेल तर दिसतंय तोवर बदला. एकदा घर नजरेनं पाठ झालं, की पुढे नजरेवाचून चालतं."

माझ्यापुढचा प्रश्न इतका स्वच्छ होता. बाबांना दिसत असतानाच त्यांचे घर त्यांच्या डोळ्यांपुढे उभे करायचे होते. हे वाक्य घरात कोणीही उच्चारले नाही. आम्ही बोलत होतो ते फक्त घरमालकांच्या मुलाच्या लग्नाविषयी.

मी बाबांचे निरीक्षण करू लागले. दारातून आत येताच त्यांचा उजवा हात भिंतीवरच्या बटणावर जायचा. नजर अजून उंबऱ्यावरच असायची. आणखी काही पावले, आणि उजव्या कोपऱ्यातल्या माठावरचा पेला ते टीव्हीकडे तोंड ठेवून उचलायचे. खुर्ची, औषधांची फळी, मोरी यांपैकी कशाकडेही ते पाहत नव्हते. म्हणजे या घरापुरता काचबिंदू जवळजवळ हरलेलाच होता. यातून उपाय आपोआप निघत होता: ज्या घराची रचना अशीच असेल, तिथे बाबांचे पाय आधीपासूनच वाट शिकलेले असतील. मी टेप घेऊन सगळे घर मोजले आणि आलेखाच्या कागदावर त्याचा नकाशा काढला. कशासाठी, असे आईने विचारले, तेव्हा मी नव्या फर्निचरसाठी म्हणून सांगितले.

रविवारी आम्ही तिघे घरे पाहायला निघायचो. प्रत्येकाची तपासण्याची रीत वेगळी होती. मी कागद काढून दिशा जुळवायचे. आई सरळ खिडकीपाशी जायची आणि एकच प्रश्न विचारायची, "कूलर कुठं लावाचा?"

नागपुरात हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. होळीपासून पाऊस येईपर्यंत एका खिडकीत कूलर बसतो आणि ती खिडकी तेवढे महिने घरातून वजा होते. बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये खोलीला एकच खिडकी होती. आई तिच्यापुढे उभी राहिली. "इथं कूलर ठेवला तं हवा येईन अन् उजेड जाईन. उन्हाळाभर आमी काय बोगद्यात राहाचं?"

"काकू, आता कूलर कोण लावते? एसी लावा ना," एजंट म्हणाला.

"लावतो ना. बिल तुमच्या घरी पाठवत जाईन."

बाबांना मात्र प्रत्येक घर आवडायचे. हॉलच्या मधोमध खांब असलेले घर त्यांना मजबूत वाटले. ज्याच्या गॅलरीतून फक्त पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, ते त्यांना मोकळे वाटले. आयुष्यभर कापड विकलेला माणूस दुसऱ्याच्या मालाला त्याच्या तोंडावर नावे ठेवत नाही. शिवाय बाबा घर पाहायचे म्हणजे काय करायचे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. ते प्रत्येक खोलीच्या दारात थांबून मान सावकाश एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेत. आम्हाला जी खोली एका दृष्टिक्षेपात मिळते, ती त्यांना तुकड्या-तुकड्याने गोळा करावी लागत होती. ते कोणाच्या ध्यानात येऊ नये, म्हणून तोंडाने कौतुक चालू असायचे.

आणि एके दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता, मोबाइलवर मला आमचे घर सापडले. मानेवाड्याच्या पुढे, तळमजल्यावर. जाहिरातीत नकाशा दिलेला होता. दारातून आत, उजव्या हाताला भिंत, पुढे कोपरा, डावीकडे झोपायची खोली, सरळ समोर स्वयंपाकघर. मापे आमच्यापेक्षा थोडी मोठी, पण क्रम तोच. मी घास हातात धरून तो नकाशा मोठा करून पाहत राहिले. प्रयोगाचा निकाल अपेक्षेप्रमाणे येतो, तेव्हा होतो तो आनंद मला ओळखीचा आहे. हा त्याहून वेगळा होता.

रविवारी एजंटने कुलूप उघडले. बाबांचा उजवा हात सवयीने भिंतीवर गेला आणि कोऱ्या प्लास्टरवरून खाली घसरला. बटण डाव्या भिंतीवर होते. माठ मावेल असा कोपरा डावीकडे होता. झोपायची खोली उजवीकडे होती. मी कागद हातात धरून फिरवला, अर्धा फिरवला, पुन्हा सरळ केला. एखादी खिडकी चुकीच्या जागी असती, तर तो दोष म्हणून सोडून देता आला असता. इथे एकही गोष्ट चुकीची नव्हती. सगळे होते आणि सगळे उलट होते.

"हा नकाशा या घराचा नाही," मी म्हणाले.

"समोरच्या फ्लॅटचा आहे, मॅडम. पण सेम टू सेम आहे, टेन्शन नका घेऊ. फक्त उल्टा आहे."

"मग समोरचा दाखवा."

"तो तं दिवाळीतच गेला ना."

एका मजल्यावरचे दोन फ्लॅट एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, हे मला कळायला हवे होते. असे रेणू तर माझ्या रोजच्या कामातले. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक डाव्या हातासारखा आणि दुसरा उजव्या हातासारखा. कागदावर कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर बसत नाही. कधी त्यांतला एक औषध असतो, तर दुसरा शरीराच्या काहीच कामाचा नसतो. 'फक्त उल्टा' हे दोन शब्द माझ्या प्रयोगशाळेत कोणी इतक्या सहज बोलले नसते. मी तिथल्या तिथे नकार दिला.

आईने तोवर स्वयंपाकघरातल्या दोन्ही खिडक्या उघडून पाहिल्या होत्या. परतताना ऑटोत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "एका खिडकीत कूलर लावला तरी दुसरी राह्यत होती वं."

संध्याकाळी मी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला बसले. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने काही वेळ दाबून धरायचा असतो; तेवढा वेळ बाबा कुठे जात नसत आणि मीही नाही. तसे डोळे मिटलेले असतानाच त्यांनी विचारले, "घर तं चांगलं होतं. काहून नाही म्हटलं?"

"उलटं आहे, बाबा."

"घर उलटं असते काय? उलटं तं लुगडं असते."

"आपलं बटण उजवीकडे आहे, तिथं डावीकडे. माठ, खोली, सगळंच." पुढचे वाक्य मला पूर्ण करता येईना. "उद्या तुम्हाला..."

"उद्या मले दिसलं नाही तं," ते वाक्य त्यांनीच पूर्ण केले. आवाजात काही विशेष नव्हते. ठाण संपले, दुसरे आणा, असे सांगावे तसा. "तू तो कागद काहून काढला, ते मले पहिल्याच दिवशी समजलं. फर्निचरसाठी कोणी माठाची जागा नाही मोजत."

मला हसू आले आणि ते टिकले नाही. बाबांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे मला चेहरा सावरावा लागला नाही. इतके महिने आम्ही तिघे ज्या गोष्टीला वळसा घालून चालत होतो, ती आता खोलीच्या मध्ये होती आणि तिच्यामुळे काहीही कोसळले नव्हते. आत भाजी चिरण्याचा आवाज मात्र थांबला होता.

"उमरेडले मी मायसोबत ताणा, मागाचे उभे धागे, सांधाले बसत होतो," बाबा म्हणाले. "एक कापड विणून झालं का जुना ताणा कापून फेकत नाहीत. मागात त्याची शेवटं तशीच ठेवते. बोटाले राख लावाची, अन् नव्या ताण्याचा एक धागा जुन्याच्या एका धाग्याले पीळ देऊन जोडाचा. मग दुसरा. मग तिसरा. सारे झाले, का ओढाचं. नवं सूत जुन्याच्याच वाटेनं मागात शिरते."

"अजी, सांधाले बसत होते म्हणे!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सासूबाई सांगे ना मले. दहा धागे सांधले का पोरगा तळ्यावर पसार."

"अजी, दहा तं सांधले ना?" बाबांनी तिचेच संबोधन तिला परत केले आणि डोळे उघडले.

त्यांना काय म्हणायचे होते, ते मला तेव्हा पुरते उमगले नाही. घर धाग्यासारखे नसते; त्याच्या भिंती जोडून ओढता येत नाहीत. मी पुढच्या आठवड्यात आणखी जाहिराती वाचल्या, आणखी फरशा मोजल्या. आमच्या नकाशाचे घर दुसरे मिळाले नाही. दिवस मात्र उन्हाळ्याकडे सरकत होते आणि एकदा बाबा दुकानदाराने पुढे केलेला हात न दिसल्यामुळे त्याच्याकडे पाहून नुसते हसत उभे राहिले, तेही मी पाहिले.

एके दिवशी कामावरून आले, तहान लागली होती. पर्स ठेवली आणि माठाकडे हात नेला. माठ नव्हता. माझ्या हातात खुंटीवरची छत्री आली.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "मीही सकाळपासून तिथंच जाऊन राहिली. चार बार त्या छत्रीले पेला लावला."

माठ डाव्या कोपऱ्यात होता. बाबा शेजारी खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुकानातला जुना भाव होता, ज्यात गिऱ्हाइकाने माल हातात घेतल्याचे समाधान असते. त्यांनी टीव्हीकडे पाहतच डावा हात लांब केला, पेला उचलला, भरला आणि माझ्यापुढे धरला.

"सांधून राहिलो," ते म्हणाले.

नीट चौकशी केल्यावर कळले की माठ हा पहिला धागा नव्हता. त्याआधी त्यांनी दात घासायचा मग दुसऱ्या बाजूला नेला होता, मग औषधे फळीच्या दुसऱ्या टोकाला. एक सवयीची झाली की पुढची. मला पत्ता नव्हता, आईला होता. भिंतीवरचे बटण काही हलवता येत नव्हते, पण त्यावरही त्यांनी उपाय काढला होता. आत येताना जे बटण उजव्या हाताला असते, तेच बाहेर पडताना डाव्या हाताला येते. म्हणून हल्ली बाबा घरातून निघताना दारापाशी थांबत आणि डाव्या हाताने ते बटण एकदा खाली, एकदा वर करून मग चपला घालत. दिवा लागताना-विझताना मी रोज पाहत होते आणि बटण बिघडले असावे असे समजत होते.

"अन् तुले काय वाटलं," आई म्हणाली, "सारं तूच करशीन काय? यायनं मले बी कामाले लावलं. स्वतःच्याच घरात रस्ता चुकून राहिली मी."

रात्रीच्या जेवणाआधी मी तो आलेखाचा कागद पुन्हा काढला. उजेडासाठी ट्यूबलाइटखाली गेले आणि सहज तो उलटा करून वर धरला. शाईच्या रेषा मागच्या बाजूने उमटून दिसत होत्या. दार, डावीकडे बटण, डावीकडे माठ, उजवीकडे खोली. मानेवाड्याचे घर. त्या फ्लॅटमध्ये कागद मी कितीही फिरवला होता, तरी तो जुळला नव्हता; तो पालथा करायचे मला सुचले नव्हते. रेणूला असे पालथे घालून भागत नाही, हे खरे आहे. पण बाबा रेणू नव्हते. मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं का, मॅडम, फक्त उल्टा आहे?"

होळीच्या थोडे आधी किल्ली मिळाली. सकाळी आम्ही तिघे रिकाम्या घरात गेलो. बाबांचा हात उंबऱ्यावर क्षणभर अडखळला, उजवा थोडासा उचलला गेला आणि परत खाली आला. मग डावा भिंतीवर गेला आणि बटण सापडले. त्यांनी ते दाबले. भर उन्हात दिवा लागला काय नि न लागला काय, पण आई "वा!" म्हणाली.

मला वाटले होते, आता ते खोल्या पाहतील. भिंती, कोपरे, उंबरे. त्यासाठीच तर ही सगळी धावपळ होती. पण बाबा हॉलच्या मध्यभागी उभे राहिले आणि म्हणाले, "रिकामं घर पाहून मी काय करू? कोण कुठं राहीन ते दाखवा."

त्यांनी आईला ओट्यापाशी उभे केले. ती लाजली, म्हणाली, फोटो काढता काय माहा. "हो," बाबा म्हणाले. दाराच्या चौकटीत थांबून ते तिच्याकडे पाहत राहिले, आधी चेहरा, मग हात, मग ओटा, मग मागची उघडी खिडकी, आणि पुन्हा चेहरा. आईने थट्टा थांबवली. रिकाम्या ओट्यावरून तिने एकदा हात फिरवला, जणू काही पुसायचे राहिले होते.

मग माझी पाळी आली. "तुहं टेबल कुठं येईन? जिथं तू संध्याकाळी बसशीन?"

मी आतल्या खोलीत खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बाबा दारात थांबले. त्यांची मान सावकाश फिरू लागली, मला ओलांडून पुढे गेली, परत आली. खिडकीतून ऊन येत होते. त्यांनी कपाळावर हात धरला.

"थोडी डावीकडे सरक वं."

मी सरकले.

"अजून थोडी. हां. आता हलू नको."

मी हलले नाही.